शरीराचा आपपरभाव आणि डॉ. पॉल एर्लिख

खेळतांना गुडघ्याला किंवा दंडाला मुका मार बसला, कीं कातडीखालीं रक्त साकळतें. तो भाग प्रथम काळानिळा, मग हिरवट, मग पिवळा होतो आणि थोड्याच दिवसांत पूर्ववत् होतो. साकळलेलें तें रक्त शरीरानें परत शोषून घेतलेलें असतें. विद्यार्थिमित्रांनो, यांत नवल तें काय, असें आपणांस वाटेल. परंतु दुसऱ्या एखाद्या प्राण्याचें रक्त टोंचून शरीरांत घातलें, तर तेंच शरीर त्या रक्ताला शत्रु समजतें आणि त्याचा नाश करणारें द्रव्य निर्माण करतें. मग स्वतःचें रक्त शोषून घेतांना तें असें कां करीत नाहीं? दिसावयास साधा असा हा प्रश्न ज्यांनीं सव्वाशें वर्षांपूर्वीं शास्त्रापुढें प्रथम नीट मांडला, त्या डॉ. पॉल एर्लिख यांचें चरित्र येथें सांगावयाचें आहे.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजीं श्ट्रेलेन या गांवीं झाला. हें गांव तेव्हां प्रशियाच्या सायलेशिया प्रांतांत होतें. आज तें पोलंड देशांत मोडतें. घराणें ज्यू. वडील इस्मार एर्लिख मद्य गाळण्याचा धंदा करीत. आईच्या माहेरच्या नात्यांत कार्ल व्हायगर्ट नांवाचा एक तरुण होता. तो पॉलपेक्षां नऊ वर्षांनीं मोठा. पुढें विकृतिशास्त्रांत त्यानें मोठें नांव मिळविलें. त्या काळीं डांबरापासून कृत्रिम रंग काढण्याची विद्या नवीनच निघाली होती व जर्मनींत रंगांचे कारखाने भराभर उभे राहत होते. कापड रंगविण्याचे हे रंग शरीराच्या पातळ कापांवर व जंतूंवर घालून पाहणाऱ्या पहिल्या मंडळींत व्हायगर्ट होता. पॉलला रंगांचें वेड लागलें तें त्याच्यामुळें, आणि तें जन्मभर सुटलें नाहीं.

ब्रेस्लाव येथें शालेय शिक्षण संपवून पॉलनें ब्रेस्लाव, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग व लाइप्झिग अशीं चार विद्यापीठें पालथीं घातलीं. व्याख्यानांकडे त्याचें लक्ष बेताचेंच असे. त्याचें टेबल तेवढें सप्तरंगी डागांनीं भरलेलें असावयाचें. रॉबर्ट कॉख हे १८७६ सालीं ब्रेस्लावला आले असतां कोणीं तरी त्यांना हा विद्यार्थी दाखवून, रंगविण्यांत हा पटाईत आहे पण परीक्षा कांहीं उत्तीर्ण व्हावयाचा नाहीं, असें सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. परीक्षा तो उत्तीर्ण झाला. १८७८ सालीं लाइप्झिग येथें रंगविण्याच्या विद्येवरच प्रबंध लिहून त्यानें डॉक्टर ही पदवी मिळविली.

या प्रबंधामागें जो विचार होता, तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कारण एर्लिख यांचें पुढील सारें कार्य त्यांतूनच उगवलें. एकाच कापावर एकच रंग ओतला, तरी तो एका पेशीला चिकटतो व शेजारच्या पेशीला चिकटत नाहीं. असें कां व्हावें? रंगाचा अणुसमूह व पेशींतील एखादा अणुसमूह यांचें परस्परांशीं जुळत असलें पाहिजे, असें एर्लिख यांस वाटलें. कोण कोणाला ओळखतो आणि कोणाला सोडून देतो, हा एकच प्रश्न ते पुढें चाळीस वर्षें निरनिराळ्या रूपांनीं विचारीत राहिले.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयांत फ्रेरिक्स यांच्या हाताखालीं त्यांना काम मिळालें. तेथें त्यांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशींचे रंगांच्या साहाय्यानें वर्ग पाडले. आज रक्त तपासतांना पांढऱ्या पेशींचे जे प्रकार मोजतात, त्यांचा पाया हाच. २४ मार्च १८८२ रोजीं कॉख यांनीं क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें, तेव्हां एर्लिख सभेंत उपस्थित होते. त्यांनीं लगेच तो जंतु रंगविण्याची अधिक सोपी रीत शोधून काढली व कॉख यांनीं ती मोकळ्या मनानें स्वीकारली. १८८३ सालीं हेडविग पिंकुस यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या. फ्रेरिक्स यांच्या मृत्यूनंतर मात्र रुग्णालयांत त्यांचें मन रमेना. त्यांतच त्यांना क्षयानें गांठलें. १८८८ सालीं सर्व सोडून ते पत्नीसह हवापालटासाठीं इजिप्तला गेले व बरे होऊन १८८९ सालीं परतले. परत आल्यावर नोकरी नाहीं, प्रयोगशाळा नाहीं, अशी अवस्था होती. बर्लिनजवळ श्टेग्लिट्स येथें लहानशी खासगी प्रयोगशाळा थाटून त्यांनीं काम सुरू केलें. पुढें कॉख यांनीं त्यांना आपल्या नव्या संस्थेंत बोलावून घेतलें.

यानंतर त्यांनीं जे प्रयोग केले, त्यांतील एक वस्तु आपल्या चांगल्याच ओळखीची आहे. ती म्हणजे गुंज. आपले सोनार जिनें सोनें तोलीत, त्या तांबड्या-काळ्या बियेंत अतिशय जहाल विष असतें. (आपल्यापैकीं कोणी ती चावून पाहण्याचें धाडस करूं नये.) एरंडीच्या बियांतहि तशाच जातीचें विष आहे. १८९१ सालीं एर्लिख यांनीं उंदरांना एरंडीचें विष प्रथम अगदीं कणभर, मग वाढत्या प्रमाणांत चारलें. कांहीं दिवसांनीं ते उंदीर इतर उंदरांना हमखास मारणारी मात्रा खाऊनहि खुशाल हिंडूं लागले. मात्र एरंडीच्या विषाला दाद न देणारा उंदीर गुंजेच्या विषानें मरे, आणि गुंजेच्या विषाला सरावलेला एरंडीच्या विषानें. रक्तांत उत्पन्न झालेलें प्रतिविष एका विषाला ओळखीत होतें, दुसऱ्याला नाहीं. पुढच्याच वर्षीं त्यांनीं एक सुंदर प्रयोग केला. विषाला सरावलेल्या उंदरीच्या कुशींत साध्या उंदरीचीं पिलें दूध पिण्यास ठेवलीं, तों त्या पिलांतहि प्रतिकारशक्ति आली. आईच्या दुधांतून बाळाला संरक्षण मिळतें, याचा तो पहिला स्पष्ट पुरावा होय.

घटसर्पावरील रक्तरसाचें काम याच सुमारास चाललें होतें. एमिल बेरिंग यांनीं तो रस शोधला खरा. पण कोणत्या बाटलींत किती बळ आहे, याचा कोणालाच भरंवसा नसे. एर्लिख यांनीं त्याचें प्रमाण ठरवून दिलें, म्हणून डॉक्टरांना तो निर्धास्तपणें देतां येऊं लागला. या व्यवहारांत दोघां मित्रांमध्यें पैशांवरून वितुष्ट आलें, त्याची कथा येथें लांबवीत नाहीं. प्रमाण ठरवितां ठरवितां १८९७ सालीं त्यांनीं आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. पेशीच्या अंगावर निरनिराळ्या घडणीचे कोंभ असतात. कुलपाला किल्ली बसावी तसें विष एखाद्या कोंभाला बसतें. मग पेशी तसेच कोंभ गरजेपेक्षां कितीतरी अधिक निर्माण करते व ते गळून रक्तांत उतरतात. तेंच प्रतिविष, असा त्याचा सारांश. तपशील पुढें बदलले, तरी ओळखणारे भाग पेशीच्या अंगावर आधींपासूनच असतात, ही कल्पना टिकली.

१८९९ सालीं त्यांची संस्था फ्रँकफुर्ट येथें हलली, आणि तेथें आपल्या मूळ प्रश्नाची वेळ आली. आदल्या वर्षीं पॅरिस येथें झ्यूल बोर्दे यांनीं असें दाखविलें होतें कीं, सशाचें रक्त गिनीपिगला टोंचलें असतां सशाच्या तांबड्या पेशी फोडणारें द्रव्य गिनीपिगच्या रक्तांत तयार होतें. एर्लिख व त्यांचे सहकारी युलियस मॉर्गेनरोथ यांच्या मनांत आलें, कीं शेळीला शेळीचेंच रक्त टोंचलें तर काय होईल? त्यांनीं तसें केलें. त्या शेळीच्या रक्तरसानें कळपांतील कांहीं शेळ्यांचें रक्त कांचेच्या नळींत विरघळलें, कांहींचें विरघळलें नाहीं. पण तिचें स्वतःचें रक्त मात्र एकदांहि विरघळलें नाहीं. दुसरी शेळी घेतली, तिसरी घेतली, तोच अनुभव. जात एक, कळप एक, तरी शेळीचें शरीर दुसरीला परकी मानीत होतें आणि स्वतःला मात्र बिनचूक वगळीत होतें.

या वगळण्याला एर्लिख यांनीं हॉरर ऑटोटॉक्सिकस् असें लॅटिन नांव दिलें. स्वतःलाच विषबाधा करण्याची शरीराला वाटणारी दहशत, असा त्याचा अर्थ. तसें विष उत्पन्न झालें तर प्राणी आपल्याच रक्तानें मरेल. तेव्हां शरीरांत असें होऊं न देणारी कांहीं तरी योजना असलीच पाहिजे, असें त्यांनीं म्हटलें. येथें एक गोष्ट बारकाईनें पाहावयास हवी. स्वतःवर उलटणें शरीराला सर्वथा अशक्य आहे, असें त्यांनीं म्हटलेलें नव्हतें. शरीर स्वतःवर उलटूं पाहील, पण त्याला आवरणारें कांहीं तरी आंत आहे, आणि तें आवरणें सुटलें तर कांहीं रोगांचा उलगडा त्यावरून होईल, असेंहि ते सुचवीत होते. त्यांच्या विचाराचा हा दुसरा अर्धा भाग लोकांच्या लक्षांतून निसटला. नांव इतकें ठसठशीत होतें, कीं वाचणाऱ्यांनीं तेवढेंच उचललें.

एर्लिख यांचें राहणें मोठें मजेदार होतें. दिवसाकांठीं पंचवीस जाडजूड सिगार ओढावयाचे, जेवणाची शुद्ध नाहीं, खोलींत बसण्याच्या खुर्च्यांवरदेखील पुस्तकांचे ढीग. पाहुणा आला तर त्यानें उभेंच राहावें! रोज सकाळीं प्रत्येक सहकाऱ्याला रंगीत चिठ्ठीवर त्या दिवशीं करावयाचा प्रयोग लिहून मिळे. बोलतां बोलतां एखादी कल्पना सुचली, तर ती शर्टाच्या कफावर किंवा थेट जमिनीवर खडूनें चितारली जाई. शेरलॉक होम्सच्या गोष्टी ते आवडीनें वाचीत. सिगारांचें हें व्यसन त्यांच्या प्रकृतीला भोंवलें असावें, हेंहि नमूद करणें भाग आहे.

१९०८ सालीं रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. उत्तरायुष्यांत त्यांनीं असें औषध शोधण्याचा ध्यास घेतला, कीं जें रोगजंतूला गांठील आणि रोग्याच्या शरीराला स्पर्श करणार नाहीं. आपण ज्याला रामबाण म्हणतों, तेंच. आपपरभावाचाच हा प्रश्न, फक्त आतां तो औषधाला घातलेला होता. जपानहून आलेले साहाचिरो हाता यांनीं १९०९ सालीं सोमलयुक्त संयुगांतील ६०६ क्रमांकाचें द्रव्य नव्यानें तपासलें, आणि उपदंशावरील साल्व्हार्सान हें पहिलें गुणकारी औषध १९१० सालीं बाहेर पडलें. त्यानें कीर्ति मिळाली, तसाच तापहि झाला. औषधाच्या दुष्परिणामांवरून त्यांच्यावर वर्तमानपत्रांतून चिखलफेक झाली व प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांचें मन अधिकच खचलें. २० ऑगस्ट १९१५ रोजीं बाड होम्बुर्ग येथें त्यांचें देहावसान झालें.

मृत्यूनंतरहि त्यांच्या नांवाला स्वस्थता लाभली नाहीं. ते ज्यू होते एवढ्याच कारणास्तव नाझी राजवटींत फ्रँकफुर्टमधील त्यांच्या नांवाचा रस्ता बदलण्यांत आला. वृद्ध हेडविगबाईंना देश सोडावा लागला. महायुद्ध संपल्यानंतर तें नांव रस्त्याला परत मिळालें.

आतां त्या निसटलेल्या अर्ध्या विचाराकडे वळूं. एर्लिख हयात असतांनाच, १९०४ सालीं, व्हिएन्ना येथें डोनाथ व लँडस्टायनर यांनीं अशा रोग्यांचा अभ्यास केला, कीं ज्यांना थंडी बाधली असतां लघवी तांबडी होई. त्यांच्याच रक्तरसांतील एक द्रव्य गारठ्यांत तांबड्या पेशींना चिकटे व ऊब मिळतांच त्या फुटत. शरीर स्वतःवर उलटतें, याचा हा धडधडीत पुरावा! तरीहि एक विरळा अपवाद म्हणून तो बाजूला पडला. शरीर स्वतःला इजा करीत नाहीं, हें सूत्र नियमासारखें पाठ झालें, व जवळजवळ अर्धशतक या वाटेनें फारसें कोणी फिरकलें नाहीं.

सूत्र मोडलें तें एर्लिख यांच्याच शिष्यपरंपरेंत. त्यांचे सहायक हान्स झाक्स यांचे शिष्य अर्न्स्ट व्हिटेब्स्की हे नाझींच्या भीतीनें जर्मनी सोडून अमेरिकेंत गेले व बफेलो येथें प्राध्यापक झाले. त्यांच्याकडील तरुण संशोधक नोएल रोझ यांनीं सशांना सशाच्याच कंठग्रंथीचा अर्क टोंचला, तेव्हां त्या सशांत स्वतःच्या कंठग्रंथीविरुद्ध द्रव्यें उत्पन्न झालीं व ती ग्रंथि सुजून नासली. परात्पर गुरूच्या वचनाविरुद्ध जाणारा हा निकाल व्हिटेब्स्कींना सहज पटेना. त्यांनीं पुन्हां पुन्हां प्रयोग करविले, आणि शेवटीं १९५६ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं लंडन येथें रॉइट, डोनियाक व त्यांचे सहकारी यांना हाशिमोटो नांवाच्या कंठग्रंथीच्या विकारांत रोग्याच्या रक्तांत तशींच द्रव्यें आढळलीं. तेव्हांपासून आमवात, लहानपणीं होणारा मधुमेह अशा अनेक विकारांकडे पाहण्याची दृष्टि बदलली. या विकारांत शरीराचा आपपरभाव सुटलेला असतो.

मग एर्लिख म्हणत होते तें आवरणारें कोणतें? त्याचें एकच उत्तर नाहीं. पण मोठा भाग गेल्या चाळीस वर्षांत उलगडला आहे. शरीरांत टी-पेशी नांवाच्या पांढऱ्या पेशी असतात. छातीच्या मध्यास असलेल्या थायमस ग्रंथींत त्यांची जणूं परीक्षा होते आणि स्वशरीरावर धावून जाणाऱ्या बहुतेक पेशी तेथेंच नष्ट होतात. तरी कांहीं निसटतात. त्यांच्यासाठीं लगाम आहेत. टी-पेशीला कामास लागण्यासाठीं दोन आज्ञा मिळाव्या लागतात : एक, समोरच्या वस्तूची ओळख, दुसरी, ती वस्तु दाखविणाऱ्या पेशीची संमति. सीटीएलए-४ नांवाचें एक प्रथिन ही संमतीची कडी स्वतःच घट्ट धरून ठेवतें, म्हणून दुसरी आज्ञा टी-पेशीला पोंचत नाहीं व ती थंडावते. १९८७ सालीं फ्रान्समध्यें हें प्रथिन सांपडलें, तेव्हां त्याचा उपयोग कोणास ठाऊक नव्हता. १९९५ सालीं बोस्टन व टोरांटो येथील संशोधकांनीं हें प्रथिन मुळींच नसलेले उंदीर वाढविले. तीन-चार आठवड्यांत ते सारे मेले. त्यांच्या हृदयांत, स्वादुपिंडांत आणि इतर अवयवांत त्यांच्याच टी-पेशींचे लोंढे शिरले होते. शेळ्यांमध्यें जें कधीं घडलें नव्हतें, तें एक लगाम काढतांच या उंदरांत घडलें.

दुसरा लगाम पीडी-१ हा. तो १९९२ सालीं जपानांत क्योटो येथें तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेंत सांपडला. तो सुटला तर अनर्थ सावकाश होतो. एका जातीच्या उंदरांचे सांधे व मूत्रपिंडें वय वाढतां वाढतां बिघडलीं, दुसऱ्या जातीच्या उंदरांचें हृदय निकामी झालें. लगाम तोच, पण घाव कोठें बसणार हें जातीवर अवलंबून! माणसांतहि सीटीएलए-४ च्या दोन प्रतींपैकीं एक सदोष असली, तर स्वशरीरावर उलटणारे गंभीर विकार जडूं शकतात, असें २०१४ सालीं दिसून आलें. अशा पेशींना आवरणाऱ्या निराळ्या टी-पेशी शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं दाखविल्या. सीटीएलए-४ त्यांच्याजवळ विपुल असतें. साकागुची, मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हे लगाम कर्करोगाच्याहि उपयोगीं पडतात. आपल्यावर चालून येणाऱ्या टी-पेशींना तो त्यांच्याच आधारें थोपवितो. म्हणून लगाम सैल करणारीं औषधें निघालीं. पहिल्या औषधाला अमेरिकेंत २०११ सालीं मान्यता मिळाली, आणि जेम्स अॅलिसन व होंजो यांना २०१८ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. ज्या रोग्यांची आशा सुटली होती, त्यांतील कांहीं वर्षानुवर्षें जगले. परंतु लगाम सैल झाला तो केवळ कर्करोगापुरता नव्हे. अशा कांहीं रोग्यांच्या आंतड्यांना सूज येते, कांहींची कंठग्रंथि बिघडते, क्वचित् एखाद्याच्या हृदयावरच घाला पडतो. उलट, आमवातांत सीटीएलए-४ च्याच घडणीचें औषध देऊन संमतीची कडी अडवून धरतात; तें २००५ पासून वापरांत आहे. कर्करोगाचीं हीं औषधें देतांना डॉक्टर रोग्याच्या कंठग्रंथीची व रक्तांतील साखरेची तपासणी मधून मधून करीत असतात, आणि शरीर स्वतःवर उलटत असल्याचें चिन्ह दिसतांच, तें सौम्य कीं तीव्र हें पाहून, औषध थांबवितात व सूज दाबणारीं औषधें देऊं लागतात.